जोडीतली डबी

मॉलच्या दारात पिशव्या तपासणाऱ्या बाईने माझी पर्स उघडली, आत हात फिरवला आणि थांबली.

"दीदी, एटा की?" हे काय?

"ओषुध," मी म्हटलं. औषध.

तिने स्टीलची डबी कानाशी हलवून पाहिली, मग नाकाशी नेली. लसूण आणि सुकं खोबरं भाजून कुटलं की जो वास सुटतो, तो कुठल्याही झाकणाला जुमानत नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत अशी पाटी तिच्या डोक्यावरच लटकत होती. साठीकडे झुकलेल्या बाईला जितका गरीब चेहरा करता येतो तितका मी केला. तिने उसासा टाकून डबी परत पर्समध्ये ठेवली.

"खोटारडी," पलीकडच्या पुरुषांच्या रांगेतून दादा म्हणाला. चांगलं मोठ्याने म्हणाला. इथे मराठीत काहीही मोठ्याने म्हणता येतं.

ही सोय आम्हाला जन्मापासून आहे. बाबा नोकरीसाठी म्हणून थोड्या वर्षांकरता कोलकात्याला आले आणि बढतीबरोबर बदली येते म्हणून पुढे बढतीच नाकारत राहिले. बालीगंजमधल्या भाड्याच्या घरात आम्ही चार माणसं आणि आमची एक भाषा. दाराबाहेर बांगला, शाळेत इंग्रजी, टॅक्सीवाल्याशी हिंदी. मराठी फक्त आपसांत. ट्राममध्ये समोरच्या बाईचं बाळ नक्की कुणावर गेलंय, दुकानदार किती थापा मारतोय, यजमानीणबाईंचे रसगुल्ले कालचे आहेत, हे सगळं आम्ही लोकांच्या तोंडावर हसऱ्या चेहऱ्याने बोलायचो.

ती मराठी पुण्याच्या मामेभावंडांना मात्र फार करमणुकीची वाटायची. आम्ही ट्राम 'धरायचो' आणि पाणी 'खायचो'. बंगाली माणूस पाणी खातो, चहा खातो, सिगारेटसुद्धा खातो, त्याला आम्ही काय करणार? आई आम्हाला सुधारून सुधारून थकली आणि एक दिवस भर पाहुण्यांत स्वतःच म्हणाली, "बसा हं, मी जरा पाणी खाऊन येते." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या चौघांतले आता आम्ही दोघे उरलो आहोत, आणि दादा पुण्याला चाललाय. दुर्गापूजेमागून येणारी लक्ष्मीपूजा झाली की कायमचा. वहिनी आधीच गेल्या आहेत, मुलीला दुसरं बाळ झालंय. दादा मागे राहून बालीगंजचं घर आवरतोय. किल्ली घरमालकाला द्यायची आहे.

माझं काय होणार, हा प्रश्न मी कुणाला विचारलेला नाही. विचारायला तसं कारणही नाही. माझा नवरा बंगाली, इथेच बेहाल्याला भरलं घर आहे, अर्धं आयुष्य मी बांगलात भांडले आणि बांगलातच समेट केले. मुलाला मराठी समजते, पण 'आई' या शब्दाच्या पुढे त्याची गाडी जात नाही. गणपतीत मी मंडळात जाते. तिथे बदली होऊन आलेले बँकेतले लोक भेटतात, त्यांच्याशी मी छान इस्त्री केलेली मराठी बोलते. पण 'पाणी खाऊन येते' म्हटल्यावर न हसता 'येताना मलाही आण' म्हणणारा या शहरात एकच माणूस आहे, आणि तो आता माझ्यापुढे सरकत्या जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी गच्च पकडून उभा होता.

"जिना सरकतोय, पळून नाही चाललेला," मी म्हटलं.

"तू गप्प बस आणि पाय बघ."

पूजेच्या आधी नवे बूट आणि मग चिनी जेवण, हा आमच्या घरचा नेम. तो बाबांनी घालून दिला आणि आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघांनी न ठरवता पाळला. वहिनी आणि माझा नवरा यांना या दिवशी आमंत्रण नसतं. त्यांनी ते कधी मागितलंही नाही. अलीकडे बूट आणि जेवण दोन्ही मॉलमध्येच उरकतो, कारण दादाचे गुडघे जुन्या गल्ल्यांना तयार नसतात. आज त्याने पांढरे धावायचे बूट घेतले. कुठे धावणार आहे देव जाणे.

वरच्या मजल्यावरच्या त्या हॉटेलात थंडगार हवा आहे, काळी चकचकीत टेबलं आहेत, लाल कागदी कंदील आहेत आणि लाउडस्पीकरवर पूजेचा ढोल, ढाक, वाजतोय. वास मात्र कशाचाच नाही. मी खुर्चीवर बसले, दादाने बुटांचं खोकं टेबलाखाली सरकवलं, आणि खोक्याचं झाकण जरा उचकटल्याबरोबर नव्या रबराचा एक भपकारा आला. चामडं नव्हे, रबर. तरी तेवढ्यानेच मी तिकडे जाऊन पोचले.

बेंटिंक स्ट्रीटवर तेव्हा ओळीने चिनी चांभारांची दुकानं होती. शरदातलं ते ओलसर ऊन, पाऊस संपत आलाय पण संपलेला नाही अशी हवा, ट्रामच्या तारांवर ठिणग्या. दुकानात शिरलं की चामड्याचा, खळीचा आणि पॉलिशचा वास नाकात चढायचा. म्हातारा चिनी चांभार माझं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा. त्या पेन्सिलीच्या गुदगुल्या मला अजून आठवतात. बाबा 'वाढतं माप' घ्यायला सांगायचे, त्यामुळे माझ्या लहानपणीच्या सगळ्या पूजा बुटांत कापूस कोंबून झाल्या. मग खोकी काखेत मारून मागच्या गल्लीत. तिथे एक चिनी खानावळच होती म्हणा ना, चार-पाच लाकडी कप्पे, प्रत्येकाला मळका हिरवा पडदा. आत व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरच्यांची वाटी आणि लोडशेडिंगसाठी बशीत चिकटवलेली मेणबत्ती. दिवे जायचेच. दिवे गेले की पडद्यापलीकडून कढईवर झारा आपटल्याचा आवाज जास्त मोठा वाटायचा आणि भिंतीवर बाबांचं नाक भलतंच लांब दिसायचं. मेणबत्ती, व्हिनेगर आणि काखेतलं नवं चामडं, हा माझ्या मते सुखाचा वास आहे. तो मला पुन्हा कुठे आला नाही.

गल्ल्यावर मालकीणबाई बसायच्या. ठेंगण्या, केसांचा घट्ट बुचडा, हातात हिरव्या दगडाची बांगडी. आम्ही घरात त्यांना चिनी काकू म्हणायचो. त्यांना हिंदी आणि बांगला कामापुरतं यायचं. मुलांवर ओरडताना, आचाऱ्याशी भांडताना त्या त्यांच्या भाषेत शिरायच्या. मला फार कुतूहल होतं. आपण पडद्याआड बसून मराठीत त्यांच्याबद्दल बोलतो, तशा त्याही आपल्याबद्दल बोलत असतील का? काय बोलत असतील? बाबांच्या नाकाबद्दल?

आई शाकाहारी. पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली होती, जणू पूर्ण बसलं तर बाटेल. बाबा आणि आम्ही दोघं बाहेर सगळं खायचो, ते तिला चालायचं, पण तिच्या नूडल्स त्याच कढईत होणार याचं तिला संकट पडलं होतं. हे तिने मराठीत, नेहमीच्या हसऱ्या चेहऱ्याने बाबांना सांगितलं. काकूंनी गल्ल्यावरून पाहिलं. एक शब्द कळला नसणार. पण उठल्या, आत गेल्या, आणि एक कढई घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी आमच्यासमोर राखेने घासली, धुतली, पदर नव्हता म्हणून सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि आईपुढे धरली. आईने त्यात आपलं तोंड पाहिलं. मग ती खुर्चीत पूर्ण मागे सरकून बसली.

नूडल्स मात्र तिला मिळमिळीत लागल्या. म्हणून पुढच्या वेळी ती डबी घेऊन गेली.

चटणी लसणीची, कोरडी. डबी दोन बोटं उंचीची, आईच्या लग्नातल्या जोडीतली एक. दोन्हींच्या बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं. आईने आधी स्वतःच्या ताटलीत चटणी भुरभुरवली, मग बाबांनी हात पुढे केला, मग आम्ही. काकू बघत होत्या. आईने डबी त्यांच्यापुढे केली. त्यांनी तळहातावर चिमूट घेतली, चाटली, डोळ्यांतून पाणी काढलं, खोकल्या, आणि मग काही न विचारता डबीच उचलून घेऊन गेल्या.

"गेली तुझी डबी," बाबा म्हणाले.

"कुठे जातेय?" आई म्हणाली.

पुढच्या खेपेला डबी आली. भरून आली. आत संत्र्याच्या सुकवलेल्या साली होत्या, काळपट, कडवट वासाच्या. आई हरखली. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. ही रीत पुण्यातल्या गल्लीबाहेर कुणाला माहीत असेल असं तिला वाटलं नव्हतं. "बघा, बाई घरंदाज आहे," ती म्हणाली. त्या सालींचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने त्या वरणात टाकल्या. ते वरण आम्ही तिघांनी खाली मान घालून खाल्लं. आईने पहिला घास घेतला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "पचायला चांगलं असणार."

मग ती डबी येत-जात राहिली. चटणी जायची, काहीतरी यायचं. एकदा थंडीत तिळाच्या वड्या आल्या, आणि आई म्हणाली, ही तर आपली संक्रांत. मग आम्ही खास वाट वाकडी करून तिळगूळ द्यायला गेलो. आईने काकूंच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि ठणठणीत मराठीत सांगितलं, गोड बोला. काकूंनी त्यांच्या भाषेत बरंच मोठं उत्तर दिलं. गोडच असावं.

काकूंची मुलं एकेक करून कॅनडाला गेली. आधी थोरला, मग दुसरा, मग मुलगी. मागच्या टेबलावर शाळेचा अभ्यास करत बसणारी ती मुलं एकेका वर्षी कमी होत गेली. मग आचारी बदलला, नवा त्यांची भाषा बोलणारा नव्हता. त्यानंतर कधीतरी काकू आमच्या कप्प्यात येऊन बसायला लागल्या. पडदा बाजूला करून यायच्या, आईशेजारी बसायच्या आणि बोलायला लागायच्या. हिंदी नाही, बांगला नाही. सरळ त्यांच्या भाषेत, घरच्या माणसाशी बोलावं तसं. आई मान हलवायची आणि मराठीत उत्तरं द्यायची. "हो ना. हल्ली फोन तरी कुठे लागतो धड. जेवता का वेळेवर? हात किती वाळलाय तुमचा." दोघींचं असं बराच वेळ चालायचं. दादा टेबलाखाली मला लाथ मारायचा आणि मी हसू दाबायची.

एकदा घरी जाताना ट्राममध्ये बाबांनी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"मुलांचं बोलत होत्या."

"तुला कळलं?"

"दुसरं काय बोलणार?" आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आता मी त्या वेळच्या काकूंच्या वयाची आहे. मला तेव्हाच्या माझ्या हसण्याची लाज वाटते. भाषा घशापर्यंत आलेली असते आणि ऐकणारा कान नसतो, तेव्हा माणूस काय करेल? ज्याच्या तोंडावर माया दिसते त्याच्यासमोर ती ओतून मोकळा होईल. कळतंय की नाही, हे नंतरचं.

"हक्का नूडल्स," दादा मेनूकार्डातून वाचत होता. काकूंची ती भाषा हक्का होती, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आयुष्यभर मी तो शब्द नुसता खात आले होते.

ताटल्या आल्या. नूडल्स गुळमट होत्या. मी आजूबाजूला बघून मांडीवर डबी उघडली आणि टेबलाखालून दादाकडे दिली. त्याने शाळकरी पोराने कॉपी करावी तशी चटणी भुरभुरवली.

"भांडी काढली काल," तो म्हणाला. "सगळ्यांवर आईचं नाव. पातेली, वाट्या, झारे. घेणाऱ्याला वाचता येणार नाही."

"ती मला दे. मला वाचता येतं."

"मोठं पातेलं आमच्याकडे राहू दे. बाळाला पाणी तापवायला." मग जरा थांबून तो स्वतःशीच हसला. "मागच्या वेळी पुण्यात एका दुकानात गेलो. मी मराठीत विचारलं, त्याने हिंदीत उत्तर दिलं. मी परत मराठीत बोललो, तो परत हिंदीत. मला बाहेरचा समजला."

"मग आहेसच."

"तेच ना. इथे सगळे मराठी म्हणतात आणि तिथे बंगाली." त्याने काट्याला नूडल्स गुंडाळल्या आणि तशाच ठेवल्या. "थोरल्या नातीला सांगितलं, पाणी खाऊन ये. तुझी वहिनी म्हणते, पोरीला बिघडवू नका."

"नको ना जाऊस, दादा," मी म्हटलं.

बोलायचं नव्हतं. घरातून निघताना स्वतःला बजावलं होतं. पण निघून गेलं तोंडून, आणि हळूही नाही निघालं. शेजारच्या टेबलावर एक आख्खं कुटुंब सूप पीत होतं. त्यांच्यातल्या कुणी मानसुद्धा वळवली नाही.

"चिमे, मोठ्याने बोललीस."

"कुणाला कळतंय?"

"मला कळलं," दादा म्हणाला.

त्याचे डोळे भरले होते. त्याने चष्मा काढून कागदी रुमालाने पुसला, रुमाल तेलकट होता, काच आणखीनच खराब झाली. मग त्याने सांगितलं ते मला सगळं माहीत होतं. तीन जिने चढवत नाहीत. मुलीला नोकरी सोडवत नाही. वहिनी एकटीने किती करतील. मी प्रत्येकाला हो म्हटलं. एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून तर भांडता येईना.

चिनी काकू शहर सोडून गेल्या तेव्हा आम्हाला कळलंही नव्हतं. आम्ही नवे बूट काखेत घेऊन नेहमीसारखे गल्लीत शिरलो, तर शटर खाली. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, मुलगा येऊन घेऊन गेला कॅनडाला. आई शटरपुढे उभी राहिली. डबी काकूंकडे होती, चटणी भरून द्यायची आमची पाळी होऊन गेली होती.

"दुसरी घेऊ डबी," बाबा म्हणाले.

"विसरल्या नाहीत त्या," आई म्हणाली. "रिकामी कशी द्यायची म्हणून राहिली असेल. आणतील भरून."

त्यानंतर दरवर्षी बुटांच्या दिवशी ती त्या गल्लीतून एक चक्कर मारायची. पुढे तिथे विजेच्या सामानाचं दुकान आलं, तरीही. कॅनडात कुठल्यातरी स्वयंपाकघरात, न वाचता येणाऱ्या अक्षरांची एक डबी अजून असेल. त्या नावाची बाई कोण, असं काकूंच्या नातवंडांनी कधी विचारलं असेल का, कोण जाणे. जोडीतली दुसरी माझ्याकडे आली. तीच आज टेबलाखाली होती.

दादाने ती आता उघडपणे वर घेतली. कडेला चिकटलेली चटणी बोटाने निपटून काढली, बोट चाटलं. बुडाशी घातलेलं नाव एकदा बघितलं. झाकण लावलं आणि डबी सदऱ्याच्या खिशात टाकली.

"दे इकडे," मी हात पुढे केला.

"रिकामी?"

मी हात तसाच धरून बसले.

"रिकामी कशी देऊ?" तो म्हणाला. "आईने काय शिकवलं? भरून आणीन."

मला ते शटर दिसलं, आणि त्यापुढे उभी असलेली आईची पाठ. मी हात मागे घेतला. पूजेला ये म्हणावं, की संक्रांतीला ये म्हणावं, की निदान कुरियरने तरी पाठव म्हणावं, काही सुचेना. शेवटी मी वेटरला हाक मारून बांगलात बिल मागितलं.

खाली रस्ता पूजेच्या खरेदीने फुलून वाहत होता. रिक्षा, फुगे, भोंगे, नव्या कपड्यांच्या पिशव्या. दादाला बालीगंजकडे जायचं होतं, मला बेहाल्याच्या बसला. तो गर्दीतून रस्ता ओलांडून पलीकडे गेला, बगलेत बुटांचं खोकं, बाबांसारखंच. खिशातली डबी सदऱ्यातून गोल उठून दिसत होती.

"दादा!" मी या कडेवरून ओरडले. "झाकण घट्ट लाव. शर्टाला वास लागेल!"

त्याने खिशावर हात ठेवला.

"लागू दे!" तो पलीकडून ओरडला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. कुणालाच काही कळलं नाही.